वाकड्या शेपटीवालीचा हिशेब

सातभाई पक्ष्यांवरच्या तिच्या संशोधन प्रस्तावाच्या नामंजुरीचं पत्र तिने माझ्या हातात ठेवलं आणि चहा निवेपर्यंत एक शब्द बोलली नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरातली गोष्ट, २०२४ च्या सुरुवातीची. ती माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून इथे एकेरीच लिहितो. आता ती स्वतः एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिचं, महाविद्यालयाचं आणि निधी देणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. बडोद्यात हा विषय शिकवणारी माणसं मोजकीच, ज्यांना ओळखायचं ते तसंही ओळखतील.

पत्रात तीन शेरे होते. पहिला, संशोधनाची सामाजिक उपयुक्तता स्पष्ट होत नाही. दुसरा, प्राथमिक माहिती अपुरी. तिसरा जेमतेम अर्ध्या ओळीचा: नमुना कोणत्या पक्ष्याचा, हे कसं ठरवणार?

ती पहिल्या शेऱ्यावर भडकली होती. "सर, सातभाईंनाच विचारून येऊ का, तुमचा समाजाला उपयोग काय म्हणून?" यात नवीन काही नाही. १९७५ साली अमेरिकेत सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी पैशाच्या उधळपट्टीसाठी एक उपहासाचा पुरस्कार सुरू केला, आणि तो पहिल्यांदा गेला माणसं प्रेमात का पडतात याच्या अभ्यासाला, ८४,००० डॉलर खर्चले म्हणून. वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांना ही थट्टा पाठ असते. पण प्रस्ताव नीट वाचल्यावर मी अडकलो तो तिसऱ्या शेऱ्यापाशी. परीक्षक मी असतो तरी नामंजूरच केला असता. हे त्या दिवशी तोंडावर सांगवलं नाही. दोन दिवसांनी फोनवर सांगितलं.

प्रश्न चांगला होता

सातभाई दाखवायला लांब जावं लागत नाही. कमाटीबागेत बाकावर दहा मिनिटं बसलं की पुरे. मातकट अंग, पिवळसर चोच, पांढुरका डोळा, आणि वाटणीवरून भांडण पेटल्यासारखा अखंड कलकलाट. इथले गुजराती लोक त्यांना लेलां म्हणतात. सहा-आठ-दहा जणांचं टोळकं पालापाचोळा उलटत जमिनीवरून सरकत असतं आणि एखादा फांदीवर बसून पहारा देतो. अंडी बहुधा एकाच जोडीची, पिल्लांना भरवायला मात्र घरातले सगळे. त्यात भर म्हणजे ज्यांच्या हाकेवरून आपण पावसाचा अंदाज बांधतो ते पावशा आणि चातक, दोघेही आपली अंडी याच बापड्यांच्या घरट्यात ठेवून जातात.

तिला विचारायचं होतं ते असं. स्वतःचं पिल्लू नसताना दुसऱ्याचं पोसणाऱ्या मदतनीसाच्या शरीरात काय चाललेलं असतं? पक्ष्यांमध्ये ताणाचं मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन. ते टोळीत दबून राहणाऱ्यात जास्त असतं की म्होरक्यात? आणि घरट्यातलं पिल्लू पावशाचं निघालं तर घरच्यांच्या हार्मोनला त्याचा पत्ता लागतो का?

शेवटचा प्रश्न मला फार आवडला होता. आजही आवडतो.

रक्त काढून हे मोजता येत नाही असं नाही. पण पक्षी हातात धरल्यापासून तीनेक मिनिटांतच रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन चढायला लागतं, म्हणजे आपण मोजतो ते बहुतेक पक्ष्याला वाटलेल्या आपल्याच भीतीचं. म्हणून विष्ठा. यकृतात हार्मोनचं रूपांतर होतं आणि त्याचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात, त्यावरून गेल्या काही तासांचा अंदाज येतो. पक्ष्याला हातही लावावा लागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने वाघ-हत्तींपर्यंत ही पद्धत वापरली आहे, त्यामुळे ती आपल्याकडे कुणाला नवलाची राहिलेली नाही.

पैसे कुठे मागितले होते

प्रस्ताव तीन वर्षांचा, एकूण ४६ लाखांचा. त्यातले साडेसतरा लाख उपकरणांना: प्लेट रीडर, उणे ८० अंशांचा फ्रीझर, सेंट्रिफ्यूज. आठ लाख हार्मोन मोजायच्या किट आणि रसायनांना. एका ज्युनियर रिसर्च फेलोचे तीन वर्षांचे सोळा लाखांवर. २०२३ पासून फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता असा दर आहे, त्यात कुणाला काही करता येत नाही. उरलेले प्रवास आणि किरकोळ.

तो फेलो दिवसभर काय करणार, हे मी तिला विचारलं. प्रस्तावात लिहिलं होतं, नमुने गोळा करणं, अर्क काढणं, चाचणी करणं, आकडेमोड करणं. टोळीबरोबर बसून राहणं कुठेच नव्हतं. "ते नमुने गोळा करण्यातच आलं ना, सर."

आलं नव्हतं. २०२३ च्या पावसाळ्यात तिने प्राथमिक नमुने घेतले होते. पादरा रस्त्याच्या अंगाला एक जुनी आंब्याची वाडी आहे, तिथे तीन टोळ्या वावरतात. रात्री सातभाई एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात. त्या फांदीखाली संध्याकाळी प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पहाटे विष्ठा खरवडून नळीत भरायची. डोकं चालवलं होतं, कष्टही कमी. दोनशेच्या वर नळ्या झाल्या, प्रत्येकीवर तारीख, झाड, टोळीचा नंबर. फक्त कुणाची ते नव्हतं. अंगाला अंग लावून बसलेल्या नऊ पक्ष्यांखालचा ठिपका नवातल्या कुणाचा, हे कागद सांगत नाही. म्होरक्या आणि मदतनीस यांची तुलना करायची आणि नळीवर नाव नाही. शिवाय सातभाईंमध्ये नर-मादी दिसायला सारखे. तरुण पिल्लांचा डोळा गडद असतो तेवढंच काय ते बाहेरून कळतं.

या विषयात आकडा काढणं हे काम नव्हेच, असं माझं मत आहे. चाचणीच्या एका प्लेटमध्ये ९६ खाचा. तुलनेसाठीची प्रमाण द्रावणं आणि नियंत्रणं दोन-दोनदा घालून उरतात त्यात साधारण ३६ नमुने बसतात, तेही प्रत्येकी दोनदा. हात बसलेला माणूस हे दीड-दोन दिवसांत उरकतो. पण ते ३६ नमुने ज्या ३६ क्षणांचे, ते क्षण गाठायला कुणीतरी महिनोन्‌महिने झाडाखाली बसलेलं असावं लागतं. केनियात अंबोसेलीला बबून माकडांचा अभ्यास १९७१ पासून चालू आहे. तिथल्या १२५ नरांच्या नऊ वर्षांच्या विष्ठेवरून २०११ मध्ये दिसलं, की टोळीतल्या पहिल्या क्रमांकाच्या नरात ताणाचं हार्मोन दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा बरंच जास्त, जवळपास तळातल्यांइतकं असतं. राजेपण महाग पडतं, एवढाच त्याचा अर्थ. पण हे वाक्य लिहिता आलं, कारण कुठली विष्ठा कुणाची आणि त्या दिवशी त्याचा क्रमांक काय, हे कुणीतरी रोज टिपत होतं.

आणखी मागे जा. १८४९ साली जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये बर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोंबडे घेतले. वृषण काढलेले कोंबडे आरवायचे थांबले, भांडायचे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं ते परत आरवू लागले. वृषणातलं हार्मोन टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती यायला १९३५ उजाडलं. मधली ८६ वर्षं मोजायला काही नसताना तो प्रयोग टिकला तो पाहण्याच्या जोरावर.

काका

वाडीत राखणीला एक गृहस्थ आहेत, साठीच्या अलीकडचे. ती त्यांना काका म्हणते, ते तिला बेन. पहिल्या वर्षी त्यांचं काम एवढंच, की फाटकाचं कुलूप काढायचं आणि कागदावर कुत्री येऊ द्यायची नाहीत. मार्च २०२४ मध्ये मी तिच्याबरोबर वाडीत गेलो. विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही बसलो होतो आणि समोर टोळी उतरली. मला सगळे एकसारखे मातकट. काका विडी विझवत म्हणाले, "बेन, पेली वांकी पूंछडीवाळी आजे छेल्ले आवी." वाकड्या शेपटीवाली आज सगळ्यांत शेवटी आली. मग बोट दाखवत गेले: ही एका डोळ्यावर पांढरा डाग असलेली, हा लंगडा, हा थोराड, हा उतरला की बाकीचे जागा देतात, ही दोघं मागच्या चोमासातली पिल्लं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

पुढचे दोन महिने तिने काकांची परीक्षा घेतली. सकाळी ती एका बाजूने नोंद करायची, काका दुसऱ्या बाजूने तोंडी सांगायचे, तिचा एक विद्यार्थी फोटो काढायचा, आणि संध्याकाळी फोटोशी पडताळा. चुका झाल्या, विशेषतः तरुण पक्ष्यांत. पण थोरांच्या बाबतीत काका क्वचितच चुकत. मग नमुना घ्यायची पद्धत बदलली. एक पक्षी धरायचा, म्हणजे नजरेने, आणि अर्धा तास त्याच्यामागे राहायचं. शिटला की काका जागा दाखवणार, ती किंवा विद्यार्थी आईस्क्रीमच्या काडीने पांढरा भाग बाजूला सारून गडद भाग उचलणार, नळीवर नाव, वेळ, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात त्याने काय केलं ते. वेळ महत्त्वाची, कारण दिवसभरात कॉर्टिकोस्टेरॉन एका पातळीवर राहत नाही. सकाळभरात तीन नळ्या झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचा. आदल्या वर्षी कागदावर एका पहाटेला वीस मिळत होत्या.

नळी बर्फात ठेवायची आणि शहरात आणून लगेच उणे वीसला. ओली विष्ठा उन्हात राहिली तर तिच्यातले जिवाणू त्या अवशेषांचं रूप पालटतात आणि आकडा आपला राहत नाही. पण काही नळ्या तिने त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये घालून अर्क काढून ठेवल्या, फ्रीझरवर विश्वास नव्हता म्हणून. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, अर्धं शहर पाण्यात गेलं, मगरी वस्त्यांत आल्या, आणि कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. महाविद्यालयाचा फ्रीझर उघडला तेव्हा आतला वास पुरेसं सांगत होता. अर्काच्या कुप्या वरच्या फळीवर तशाच उभ्या होत्या. त्या ४१ कुप्या हा तिचा पहिला खरा साठा. दोनशेवरच्या बिननावाच्या नळ्या पुरात गेल्या, त्यांच्याबद्दल तिने फारसं दुःख केलं नाही.

दुसरा प्रस्ताव, ज्याबद्दल आमचं भांडण झालं

त्या हिवाळ्यात तिने दुसऱ्या संस्थेकडे अर्ज केला, आणि कुणाच्या तरी सल्ल्याने प्रश्नच बदलला. पावशा गेला, मदतनीस गेले, त्यांच्या जागी आलं शहरीकरणाचा ताण आणि शाश्वत विकास. शहरातली टोळी, शेतातली टोळी, दोन्हींची तुलना. माझं म्हणणं होतं, की हा अर्ज तू मान्यही करून घेशील आणि मग तीन वर्षं तुला नको असलेलं काम करशील. तिचं म्हणणं, "सर, तुमची नोकरी पेन्शनला लागली." तेही खरंच.

मुलाखतीला बोलावलं. या पक्ष्याचा शेतकऱ्याला काय फायदा, असं विचारलं. ती म्हणाली, किडे खातो. निधी मिळाला नाही.

राष्ट्रीय पातळीवर मोठा पैसा येतोय म्हणतात. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना, आणि त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दाते वगैरेंकडून येतील असं गृहीत. उद्योगाने सातभाईंवर पैसे का लावावेत, याचं उत्तर मला देता येत नाही आणि मी उद्योगाला दोषही देणार नाही. पण ज्या विषयाला गिऱ्हाईक नाही त्याला उरलेल्या सरकारी चौदा हजार कोटींतलंच काहीतरी मिळायला हवं. मोठ्या देशांतही हे काही वेगळं नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या टेकडीवर १९८० च्या दशकापासून ठिपकेदार तरसांची वसाहत होती. माद्या नरांवर वरचढ का असतात आणि त्यात हार्मोनचा हात किती, हे तिथे तपासलं जायचं. निधी आटला आणि २०१४ मध्ये ती बंद झाली.

तिसरा हिशेब

शेवटी काम सुरू झालं ते तीन लाखांच्या आतल्या एका छोट्या संस्थांतर्गत अनुदानावर, दोन वर्षांसाठी, २०२५ मध्ये. या वेळी अंदाजपत्रक आम्ही दोघांनी उलट्या टोकाने लिहिलं. उपकरण एकही नाही. चाचणी दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत, नमुन्यामागे शुल्क देऊन. किट विकत घ्यायचं नाहीच. मी नोकरीत असताना ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून मार्चमध्ये किट मागवलं होतं. नमुने आले पावसाळ्यानंतर, किटची मुदत संपली त्याच्या आधी. आता तर केंद्राच्या बऱ्याच योजनांत पैसे आधी खात्यात पडतच नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला रद्द होते. सातभाईंची वीण पावसाच्या आगेमागे जोर धरते. सरकारचं वर्ष आणि त्यांचं वर्ष कधी जुळायचं नाही, म्हणून पैसे नाशवंत वस्तूत अडकवायचेच नाहीत असं ठरवलं.

विद्यार्थ्याचा खर्च गुजरात सरकारच्या ‘शोध’ या शिष्यवृत्ती योजनेतून निघाला: महिना १५,००० रुपये, वर्षाला २०,००० वरखर्चाला, दोन वर्षं. तुटपुंजं आहे, पण ते माणसाच्या नावाने येतं हे मला बरं वाटतं. या गावात त्याची रीत जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षं. तो खर्च एका माणसावर केलेला होता.

आणि काका. आठवड्यातून चार सकाळी, सकाळचे ४५० रुपये. वर्षाच्या २०८ सकाळींचे ९३,६०० होतात. अनुदानातला सर्वांत मोठा आकडा हाच.

लेखा विभागाला तो दिसला. फाईल परत आली, पेन्सिलीने लिहिलेलं: क्षेत्र सहायकाची शैक्षणिक पात्रता जोडावी. काका सहावीपर्यंत शिकलेत. पात्रता नसेल तर अकुशल मजूर म्हणून दाखवा, असं सांगण्यात आलं. पण अकुशल मजूर दाखवला की पुढचा प्रश्न, मजुराला २०८ दिवस काय काम? खड्डे खणायचे आहेत का? तिने दोन पानांचं टिपण लिहिलं, त्याला तो पडताळ्याचा तक्ता जोडला, फोटो आणि तोंडी ओळख किती वेळा जुळली ते. सहा आठवडे गेले. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली. चांगलंच झालं. पण काकांना कोटेशन मागवून विकत घ्यायचं नव्हतं, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य. अखेर अकुशल म्हणूनच मंजुरी आली, दर तोच राहिला. मधल्या सहा आठवड्यांचे पैसे तिने पदरचे दिले. काकांनी ते घेताना दोन वेळा मोजले आणि विचारलं, की पावतीवर आपलं नाव दोन वेगवेगळ्या प्रकारे का लिहिलंय.

२०२५ च्या पावसाळ्यात एका घरट्यात पावशाचं पिल्लू निघालं. थोराड, डागवाली आणि वाकड्या शेपटीवाली, तिघंही भरवत होती. त्या एकोणीस दिवसांच्या २६ कुप्या प्रयोगशाळेत गेल्या आहेत. अहवाल अजून यायचा आहे.

दिवाळीनंतर मी वाडीत गेलो तेव्हा ती आणि विद्यार्थी कट्ट्यावर नोंदवही उघडून गप्प बसले होते. वीण संपल्यावर पिसं झडून नवी येतात, त्यात वाकड्या शेपटीवालीला सरळ शेपूट आली होती. काका म्हणत होते, आवाजावरून ओळखतो ना मी, आणि बसते कशी बघा. त्यांच्या म्हणण्यावर तिचा विश्वास आहे, माझाही आहे. पण नोंदवहीच्या रकान्यात खूण काय लिहायची? आणि उद्या काका आजारी पडले तर?

पायात रंगीत रिंगा घालायच्या तर पक्षी पकडावे लागतील. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खाली गांधीनगरहून मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज मांडीवर होता. किती पक्षी, कुठे, किती दिवस, कोण पकडणार, पकडणाऱ्याचा अनुभव. शेवटच्या रकान्यापाशी तिने पेन थांबवलं आणि काकांना विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव आधार कार्डावर आहे तसं सांगा बरं."